आबासाहेब आणि मोडाची उसळ

कचेरीत फायलींपेक्षा किस्से जास्त साचतात. फायलींना निदान वाळवी तरी लागते, किश्श्यांना तेवढीही सोय नाही! आमच्या ग्वाल्हेरच्या कचेरीतले आम्ही उरलेसुरले म्हातारे भेटलो, की चहा यायच्या आत आबासाहेबांचा विषय निघतोच.

आबासाहेब आमचे हेडक्लार्क. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, दारावरची पाटी बदलली. माणसं आणि डब्याची वेळ तेवढी तीच राहिली. त्याच सुमारास एकदा कचेरीचा जिना चढता चढता आबासाहेब मधेच खाली बसले. त्यांचे वडील, काका, थोरले भाऊ, कुणीच साठी पाहिली नव्हती. त्यांच्या घराजवळच्या, किला गेटच्या वैद्यांनी नाडी धरली आणि सांगितलं, "तूप आणि गोडधोड आवरा. रोज कडधान्य खा."

तिसऱ्या दिवशी आबासाहेबांच्या डब्यात पुऱ्यांच्या जागी मोड आलेल्या मटकीची उसळ! डबा उघडून त्यांनी जाहीर केलं, "साठी ओलांडल्याशिवाय मी मरणार नाही. कुणाला माझ्या खुर्चीवर बसायची घाई असेल तर त्यानं बदली करून घ्यावी!"

*

आठवड्यानं डब्यात उकडलेले हरभरे आले. शेजारच्या टेबलावरचे शर्माजी कचोरी मोडत म्हणाले, "आबासाहेब, ये तो घोड़े का दाना है!"

आबासाहेबांनी शांतपणे घास चावून संपवला.

"शर्माजी, घोड़े को कभी बीमारी की छुट्टी माँगते देखा है?"

शर्माजी त्याच दिवशी आजारपणाच्या रजेचा अर्ज देणार होते. तो खिशातच राहिला!

*

ग्वाल्हेरची थंडी म्हणजे थंडी! घरात मटकीला मोड येईनात. पण कचेरीत शेगडी असायची. आबासाहेबांनी ओल्या फडक्यातली पुरचुंडी आणून शेगडीजवळच्या रॅकवर, फायलींच्या शेजारी ठेवली.

नेमके दुसऱ्याच दिवशी इंदूरकडून बदलून आलेले नवे साहेब पाहणीला आले. पुरचुंडीकडे बोट दाखवून गरजले, "हे काय आहे?"

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आबासाहेब उभे राहिले.

"साहेब, या कचेरीत रातोरात प्रगती होणारं हे एकच प्रकरण आहे."

साहेबांनी फडकं उलगडलं, मोड पाहिले. जाताना दारातून म्हणाले, "उद्या मलाही वाटीभर आणा!"

*

मग ग्वाल्हेरातल्याच हजिऱ्यात आबासाहेबांच्या भाचीचं लग्न निघालं. आम्ही सगळे पंगतीला होतो. अक्का, त्यांची थोरली बहीण, जिलब्यांचं ताट घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"आबा, भाचीचं लग्न आहे. आज एक दिवस खाल्लंस तर काय मरशील?"

आबासाहेब हळूच म्हणाले, "अक्का, दादाही रोज 'एकच दिवस' म्हणायचा गं."

अक्काचा हात ताटावरच थांबला. ती ताट घेऊन वळली. आत गेली आणि पंगत उठायच्या आत मुगाची उसळ स्वतः करून घेऊन आली.

*

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि कचेरी भोपाळला हलली. कितीतरी जणांनी ग्वाल्हेर सोडायला नको म्हणून लवकर पेन्शन घेतली. आबासाहेब मात्र ट्रंकेत कपडे कमी आणि कुळीथ-चवळी जास्त भरून निघाले.

तिथे रीवाचे, नागपूरचे, भोपाळचे आणि आम्ही, सगळे एका छताखाली. रोज एकच भांडण: सीनियर कोण? एकदा जेवणाच्या सुट्टीत आवाज फारच चढले. कुणीतरी आबासाहेबांनाच विचारलं, "आप ही बताइए, सबसे सीनियर कौन?"

"जो सबसे आख़िर में मरेगा!" आबासाहेबांनी चवळीचा डबा मधोमध सरकवला. "लीजिए, कोशिश कीजिए!"

त्या दिवसापासून चारही टोळ्या एकत्र जेवायला लागल्या.

*

पेन्शनीत निघून आबासाहेब किला गेटच्या घरी परत आले. साठी पूर्ण झाली त्या सकाळी आम्हाला घेऊन किल्ला चढायला निघाले. अर्ध्या चढावर शर्माजी दगडावर बसले आणि धापा टाकत ओरडले, "आबासाहेब, थोड़ा दाना हमें भी दीजिए!"

आबासाहेब वर पोचले होते. त्यांनी तिथूनच मूठभर फुटाणे दाखवले.

"ऊपर आकर लीजिए!"

*

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. आमच्यातले बरेच गेले. ऐंशीच्या पुढे गेलेल्या आबासाहेबांनीही एका हिवाळ्यात अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर त्यांना तपासत होते. तपासून झाल्यावर त्यांनी काकूंना, आबासाहेबांच्या पत्नीला, दाराशी बोलावलं, पण खोली लहान, सगळं ऐकू येत होतं.

"अम्माजी, अब कोई परहेज़ नहीं. बाबूजी का जो मन करे, खिलाइए."

डॉक्टर गेले. काकू पलंगाशी येऊन बसल्या. पदरानं डोळे टिपून त्यांनी विचारलं, "अहो, काय करू? श्रीखंड करू? पुरण घालू?"

आबासाहेबांनी डोळे उघडले. आवाज खोल गेला होता, पण हुकूम हेडक्लार्कचाच.

"वाल भिजत घाल," ते म्हणाले. "परवापर्यंत मोड येतील."