सं. १८१७ : पानिपतच्या वहीतलं साल

पानिपतला जायचं ठरलं ते एका फोनमुळे, आणि मला तो फोनच खटकला होता. तिथल्या हरीशजी नावाच्या चादरींच्या दुकानदारांनी बाबांना सांगितलं, "लड़ाई के ज़माने की बही है, आकर देखिए." फोटो पाठवायला मात्र ते तयार नव्हते.

आमच्या घराण्यातला एक माणूस त्या लढाईतून परतला नाही, असं बाबा लहानपणापासून ऐकत आलेत. हे दिल्लीतल्या निम्म्या ओळखीच्यांना माहीत आहे. मागच्याच वर्षी एकाने त्यांच्या गळ्यात 'पानिपतची कट्यार' मारली होती. तिच्यावर कोरलं होतं, शके १७६१. लढाई इसवी सन १७६१च्या जानेवारीतली. शकाचा आकडा इसवीपेक्षा अठ्ठ्याहत्तरने कमी असतो, जानेवारीत एकोणऐंशीने. म्हणजे लढाईचं साल शके १६८२, आणि कट्यार थेट इंग्रजांच्या काळातली. आकडा बरोबर, पाटी चुकीची. तेव्हापासून बाबांना एकटं सोडायचं नाही, हे मी ठरवलेलं.

सरोजिनी नगरहून मेट्रो, आयएनएला गाडी बदलून कश्मीरी गेट. तिथून पानिपतची बस हवी तेव्हा मिळते, तिकीट बसमध्येच. थंडीत जाणार असाल तर धुक्यासाठी तासभर जास्त धरा. मुरथलच्या ढाब्यावर लोण्याचा गोळा घातलेला पराठा खाल्ला. बाबांनी अर्धाच खाल्ला.

"हे बघा, तुम्ही काही बोलायचं नाही," मी म्हटलं. "त्यांनी किंमत सांगितली की उठायचं."

"अच्छा, ठीक आहे," बाबा म्हणाले.

हरीशजी स्टँडवर घ्यायला आले होते. एवढं अगत्य कशासाठी, असं वाटलंच. घरी त्यांच्या म्हाताऱ्या आईने चहा दिला आणि ट्रंकेतून कापडात बांधलेली वही काढली. त्यांचे पूर्वज वैद्य होते. आलेल्या रोग्यांच्या नोंदी होत्या. एका पानावर बोट ठेवून हरीशजी म्हणाले, "दखनी सिपाही, पेट में घाव." वर लिहिलं होतं : सं. १८१७, पौष सुदी.

मी वही मिटली. "सन १८१७? लढाईनंतर छप्पन्न वर्षांनी घाव?" हे मी हिंदीत, जरा चढ्या आवाजात विचारलं.

हरीशजी रागावले नाहीत. "मैडम, सन नहीं। संवत है।"

विक्रम संवत इसवीच्या सत्तावन्न वर्षं पुढे. वजा केले तर १७६० येतं. पण वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे पौष आला तेव्हा इसवी पुढच्या वर्षात गेलेलं असू शकतं : जानेवारी १७६१. लढाईचाच महिना. माझे कान तापले.

"कितने में देंगे?" मी तरीही विचारलंच.

"बेचनी नहीं है," ते म्हणाले. "नीचे की लाइन पढ़वानी है. घायल यही बोलता रहा, वैदजी ने सुनकर लिख लिया. हमें आज तक समझ नहीं आई. माँ फोटो नहीं लेने देतीं. कहती हैं, किसी के आख़िरी बोल हैं."

बाबांनी ते पान पुन्हा उघडून चष्मा लावला. अक्षरं वेडीवाकडी होती, पण वाचता येत होती. त्यांनी एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने : "आईला सांगू नका."

"आईला तो गाँव का नाम है ना?" हरीशजींनी विचारलं.

"नहीं," बाबा म्हणाले. "माँ को मत बताना."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. पानावर शिपायाचं नाव नव्हतं. बाबांनी शोधलंही नाही.

निरोप घेताना मी हरीशजींची माफी मागितली. ते म्हणाले, "बिल्कुल ठीक पूछा आपने." मला ते ठीक वाटलं नाही. चूक आकड्याची नव्हती. मी घरातून निघतानाच त्यांना लबाड ठरवलं होतं.

दोन दिवसांनी हरीशजींचा निरोप आला. माँ पूछ रही हैं, फिर किसी ने बताया उसकी माँ को?

मी तो बाबांना वाचून दाखवला.

"त्याचं माहीत नाही," ते म्हणाले. "आपल्या घरातल्या त्या माणसाच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं. ती शेवटपर्यंत दोन ताटं वाढायची, असं ऐकलंय."

मी तेच हिंदीत लिहिलं आणि पाठवलं.