सूक्ष्मदर्शकापाशी माझा जोडीदार

"स्वल्प थांब रे, अजून दिसतंय," असं म्हणून तो सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढायचाच नाही. दोघांत एक यंत्र. माझी पाळी येईपर्यंत तास संपलेला असे. 'स्वल्प' म्हणजे कानडीतलं थोडं. आमच्या म्हैसूरच्या मराठीत असले शब्द घरचेच होते. तुमच्याही वर्गात असा एखादा असेलच म्हणा, जागा न सोडणारा.

त्याचं घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. त्यांच्यातला कॉलेजात गेलेला हा पहिलाच. जीवशास्त्राच्या पदवीला आम्ही मोजकीच मुलं. सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर शेवाळ आणि पाणकिडे गोळा करायचे, दुपारी चिरफाड, उरलेल्या वेळात लॅटिन नावांची घोकंपट्टी. तो ती नावं आरतीच्या चालीवर म्हणायचा. चिरफाडीच्या दिवशी विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय आई त्याला उंबरा ओलांडू देत नसे. सोबत असलो की माझ्याही डोक्यावर घागर रिकामी व्हायची.

चिरण्यात त्याचा हात सुरेख. पण बेडूक मारणं काही जमत नसे. क्लोरोफॉर्मची बरणी माझ्याकडे सरकवून म्हणायचा, "तूच कर रे."

शेवटच्या परीक्षेला मद्रासहून परीक्षक आले. प्रत्येकासमोर जिवंत बेडूक. त्यानं क्लोरोफॉर्मची बरणी बाजूला सरकवली.

"सर, मेलेला द्या, चिरतो. मारणं माझ्याच्यानं होत नाही."

"मग या विषयाला आलात कशाला?"

"बघायला, सर."

परीक्षक हसले नाहीत. तो नापास झाला.

वडिलांनी बोलणं टाकलं. वर्षभर तो रंगाच्या हौदांवर राबला आणि पुन्हा परीक्षेला बसला. या खेपेला त्यानं बेडूक मारला. पास झाला. आईनं गल्लीभर साखर वाटली. मी अभिनंदन करायला गेलो, तर म्हणाला, "झालं रे ते. नको बोलू."

पुढे शाळेत मास्तर झाला. पोरांना झाडाखाली पालथं झोपवून मुंग्या दाखवायचा. चाळिशीही गाठली नव्हती. एका दुपारी शिकवता शिकवताच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

भेटायला गेलो तेव्हा त्याची आई ओसरीवर बसली होती.

"तू त्याच्याबरोबर शिकलास ना? काय शिकवत होते रे तिथं?"

मी सांगत गेलो. पानं श्वास कशी घेतात, अंड्यात पिल्लू कसं वाढतं, आईच्या पोटातच हृदय कसं चालू होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग ह्याचं का थांबलं?"

 दिवेलागण होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो.