तीसपैकी अकरा

बरोबर उत्तर चूक ठरवायला फार वेळ लागत नाही. बरोबरची खूण आधीच केलेली असते, तिच्यावरून लाल पेनानं एक आडवी रेघ ओढायची. पातूरच्या अलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीला शिकवते. अकोल्याहून रोज जाऊन-येऊन करते. त्या दुपारी मी वर्गातल्या एकोणीस पोरांच्या पेपरांवर अशा रेघा ओढल्या. आजही आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

हा माझा शोध नव्हे बरं. आमच्याकडं ही रीतच पडून गेली आहे. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी होते, शेवटी दुसरी होते, आणि दोन्हींचे मार्क मोबाइलवर भरायचे असतात. पोरांना काय येतं ते वर कुणी पाहत नाही. पहिल्यापेक्षा दुसरे मार्क किती वाढले, तेवढं पाहतात. मग शाळा पहिले मार्क दाबून टाकतात आणि दुसरे फुगवतात. मधल्या काळात पोरांना कुणी काही शिकवलं की नाही, हे कुणाच्या बापाला कळत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आमचे हेडमास्तर गालातला तंबाखूचा खर्रा इकडून तिकडं सरकवत म्हणाले होते, "मॅडम, आताच पोट्टे हुशार दाखवसान, तं शेवटी काय दाखवसान?"

वर्गात एक मुलगी होती, गादीवाल्याची. तिचा बाप बसस्टँडजवळ कापूस पिंजून गाद्या भरायचा. गणितात ही पोर माझ्या पुढं धावायची. मी फळ्यावर उदाहरण लिहून मागं वळायच्या आत तिची पाटी तयार. शाळा उघडली त्याच आठवड्यात मी तिच्या बापाला शाळेत बोलावून सांगितलं, की एका निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा असते, पाचवीतच देता येते, एकदाच. नंबर लागला तर बारावीपर्यंत बघायला नको.

तो म्हणाला, "पोरीची माय नाही म्हणते, मॅडम. एवढ्या दूर ठेवाची तं पोरीत तेवढा दम पायजे. आता शाळेची परीक्षा होईन ना, ते मार्क पाहू. चांगले असले तं मी तिच्या मायले समजावतो."

म्हणजे त्या मार्कांवर काय अडलं आहे, हे मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं. नंतर मला कळलंच नव्हतं असा आव मी बरेच दिवस स्वतःपुढं आणला, तोही ढोंगीपणाच.

तिला तीसपैकी अठ्ठावीस पडले. मी हेडमास्तरांना म्हटलं, हिचे तेवढे राहू द्या. ते म्हणाले, "अठ्ठावीस ठेवले तं हिची प्रगती होईनच कशी? तिसाच्या वर तं मार्क नाहीत." काय बोलणार अशा माणसाशी? आणि मी तरी कुठली मोठी? भांडले नाही. मोबाइलमधले मार्क आणि पेपर जुळायला हवेत म्हणून पेपरावर रेघा ओढल्या आणि खाली अकरा लिहिले. वाटलं, बापाला तोंडी सांगू, त्यात काय.

पेपर पालकांची सही आणायला घरी पाठवायचा, हाही एक नियम. खोटं आम्ही करायचं आणि त्याच्यावर बापानं सही करायची.

पेपर वाटले तेव्हा ती टेबलाजवळ आली. एका उदाहरणावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे तं बरोबर हाय ना?"

मी म्हटलं, "जागेवर जाऊन बस."

ती गेली. पुन्हा विचारायला आली नाही.

प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मची मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा मी गादीवाल्याच्या दुकानात गेले. तो गादीला टाके घालत होता, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले. मी म्हटलं, फॉर्म भरून टाका. त्यानं सुई खोचून ठेवली आणि कोनाड्यातून घडी घातलेला पेपर काढला.

"मॅडम, हा तुमच्याच हातचा कागद हाय. तीसपैकी अकरा."

"तो पेपर जरा अवघड होता," मी म्हटलं.

"मंग तिथला तं याच्याहून अवघड राहीन," तो म्हणाला. "राहू द्या. झेपन तेवढं गावातच शिकू द्या तिले."

त्याच्या बोलण्यात चूक काय होती? काहीच नाही. मी तिथं उभ्या उभ्या खरं सांगू शकले असते. चौकशी लागेल, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली होईल, ही भीती होती असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर त्या माणसासमोर मान खाली घालायची लाज वाटली. चहा घेऊन मी परत आले.

वर्षाच्या शेवटी तिला पुन्हा अठ्ठावीसच पडले. या वेळी ते तसेच भरले. बाकीच्यांचे फुगवले. आमची शाळा तालुक्यात वर आली, आणि एका सभेत माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ज्यांनी पोरांचं तोंडही पाहिलं नव्हतं ते माईकवर सांगत होते, की या मॅडमनी एका पोरीला अकरावरून अठ्ठावीसवर नेलं. मी हात जोडून हसत होते. शी! ती शाल अजून पिशवीतून काढलेली नाही.

निकालाच्या दिवशी गादीवाला पोरीला घेऊन शाळेत आला. माझ्या खुर्चीसाठी त्यानं एक उशी भरून आणली होती, नव्या कापसाची.

"तुमी पोरीले कुठून कुठं नेलं, मॅडम. तिची मायबी आता तयार हाय. भरू म्हणतो तो फॉर्म."

मी म्हटलं, तो आता भरता येत नाही. पाचवी संपली.

"बरं," तो म्हणाला. "नशीब."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. तेव्हाही अठ्ठावीसच होते, मी अकरा केले, माझ्या हातानं.

तो हसला. "मले वाईट वाटू नये म्हणून तुमी सोतावर घेऊन राहिल्या. मॅडम असं काहून करतीन?" त्यानं उशी खुर्चीवर ठेवली आणि तळव्यानं दाबून नीट बसवली.

पोरीनं त्याची बाही ओढली. "अब्बा, मॅडम खरं सांगून राहिल्या. मी वहीत पुन्हा करून पाहिलं होतं. मले तवाच माहीत होतं."

त्याचं हसू गेलं. "मंग मले बोलली काहून नाही?"

"तुमीच म्हणता ना," ती म्हणाली, "मॅडम कधी खोटं लिहीत नाही म्हणून."

त्यानं पोरीचा हात धरला. मग उशी तशीच खुर्चीवर सोडून दोघं फाटकाबाहेर गेली.