बाक नसलेली खाणावळ

क्षमा असावी. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि ज्यांचं नावही कधी विचारलं नाही अशा माणसाबद्दल लिहिणं जरा आगाऊपणाचंच आहे.

पालीला एसटी बदलताना मी त्यांच्या खाणावळीत जेवायचो. पूर्वी ते मुंबईत खालच्या डिव्हिजनच्या एका क्लबात फुटबॉलपटू होते. बहुतेक वेळ राखीव म्हणून बाकावर बसून असायचे. त्यामुळे असेल, पण खाणावळीत त्यांनी एकही बाक ठेवला नव्हता, सगळ्या खुर्च्याच. स्वतः मात्र दिवसभर उभे. कुणी हाक मारली की टाचा उचलून वळायचे, जणू आत्ताच मैदानात बोलावलंय.

गोव्याला जाताना जेवायला येईन, असं त्यांच्या कोचनी कधीतरी सांगितलं होतं. म्हणून सुरमईचे दोन तुकडे रोज बाजूला असत.

"काय शेट, आला काय तुमचा कोच?" गिऱ्हाइकं चिडवायची.

"येतील ओ. तू गप जेव, मेल्या."

मला एकदा हळूच म्हणाले, "मला मैदानात का नाय उतरवलं, एवढंच विचारायचंय."

कॉलेज संपलं, पालीला उतरणं सुटलं. परवा गावचा मित्र भेटला. म्हणाला, "अरे, कोच येऊन गेले. मी तिथंच जेवत होतो. भिंतीवरच्या टीमच्या फोटोवरून आम्ही सगळ्यांनी ओळखलं."

कोच पोटभर जेवले. निघताना त्याच फोटोकडे बघून त्यांनी शेटना विचारलं, "तुम्हीपण खेळायचात काय?"

"नाय," शेट म्हणाले, "बघायचो."