बंद खोलीतला आकडा

आजोबा गेल्यानंतर सोळाव्या दिवशी त्यांच्या खोलीत कुणीतरी श्वास घेऊ लागलं. हे फोनवर सांगितलं असतं तर तुमच्या बाबाने त्याच रात्री माझं तुमच्याकडचं तिकीट काढलं असतं. म्हणून आता, सगळं झाल्यावर, तुम्हा दोघा नातवंडांना लिहिते आहे.

आजोबा शास्त्रज्ञ होते एवढंच तुम्हाला माहीत. ते घरातली हवा मोजत. त्यांनी सुरुवात केली तेव्हा बाकीचे लोक कारखान्यांची धुराडी आणि रस्ते मोजत होते. हे मात्र पंपाची पेटी घेऊन घाटकोपरच्या चाळींत जायचे आणि स्वयंपाकाच्या वेळी लोकांच्या स्टोव्हशेजारी बसायचे. लोकांना वाटायचं, रॉकेल तपासायला रेशनिंगचा माणूस आला. घरातला धूर मोजतात म्हणून ऑफिसात त्यांना 'उदबत्तीसाहेब' म्हणत. हळूहळू विद्यार्थी मिळाले, मग विद्यार्थ्यांचे विद्यार्थी.

त्यांचं काम कुठवर पोचलं होतं ते मला त्या तेरा दिवसांत दिसलं. मुलुंडच्या आमच्या घरात, ते गेले त्या जागी दिवा तेवत होता. तो विझू नये म्हणून तुमच्या आत्याआजीने खिडक्या लावून घेतल्या होत्या. भेटायला येणारा त्यांचा प्रत्येक विद्यार्थी, केस पिकलेला असो की कॉलेजातला, आधी खिडकीशी जायचा आणि ती थोडी उघडायचा. मग हात जोडायचा. आपण असं केलं हे त्यांच्या लक्षातही येत नसे. आत्याआजी पुन्हा लावायची. शेवटी वैतागून म्हणाली, "वहिनी, दादाने सगळ्यांना एकच खोड लावून ठेवलीय."

तेरावं झालं, पाहुणे गेले आणि मी ती खोली बंद केली. खिडकी, दार, सगळं. टेबलावर त्यांची हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी पांढरी डबी मात्र चालू राहू दिली. तिचा आकडा दाराच्या काचेतून दिसतो. तो दिवसातून तीनदा वहीत लिहायचं काम ते आजारी पडल्यापासून माझ्याकडे होतं, आणि ते थांबव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला समजावलं होतं, की खोलीत कुणी नसेल तर आकडा चारशेच्या आसपास पडून राहतो. माणूस आत बसला की त्याच्या उच्छ्वासाने चढतो.

सोळाव्या दिवशी सकाळी अकराला आकडा नऊशे होता.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आत कुणी नव्हतं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, गादी गुंडाळलेली. दुपारी चारला आकडा खाली आला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशीही. आजोबा अकरालाच लिहायला बसत.

चौथ्या दिवशी मी दाराबाहेर खुर्ची मांडली. दार उघडलं नाही. लिफ्ट बंद आहे, कामवाली गावाला गेली आहे, असलं काहीबाही हलक्या आवाजात त्यांना सांगत राहिले. काचेपलीकडे आकडा संथपणे चढत होता. माझ्या अंगावर काटा होता, आणि तरी इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. कुणाला विचारलं असतं तर कारण कळलं असतं. कारण कळलं की ते पुन्हा गेले असते. म्हणून मी विचारलं नाही. चार दिवस मी तशीच बसले.

आठव्या दिवशी आकडा दहाच्या आधीच चढला आणि थांबेना. दोन हजारांच्या पुढे गेला. एवढा श्वास एका माणसाचा नसतो हे मलाही कळत होतं. मी दार उघडलं. आत ओव्याचा आणि जळक्या लसणीच्या सालांचा वास होता. हा त्यांचा वास नव्हता. तो खोलीला जोडलेल्या न्हाणीघराच्या खिडकीच्या झडपांमधून येत होता.

त्यांच्या एका विद्यार्थिनीला फोन केला. ती आता स्वतः शिकवते. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"काकू, सरांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. श्वासाने चढतो, तसा काही जळलं तरी चढतो. तुमच्या न्हाणीघरामागच्या डक्टवर, त्या हवेच्या बोळात, अजून कुणाची खिडकी उघडते?"

शेजारची. शेजाऱ्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आंघोळ अकराच्या आत, मग शेक-शेगडी, धुरी. मी हे सांगत होते तेवढ्यात ती म्हणाली, "फोन ठेवा आणि जा. कोळशाचा खरा विषारी वायू वेगळाच, तो त्या डबीलाही कळत नाही, नाकालाही नाही."

मी गेले. पण बेलवर बोट ठेवून थांबले. महिनाही न झालेली विधवा बाळंतिणीच्या दारात उभी राहिलेली कुणाला आवडत नाही, आणि मी सांगणार होते ते नवऱ्याच्या बंद खोलीतल्या यंत्राबद्दल.

लेकीच्या आईने दार बोटभर उघडलं. त्या कोकणातल्या, बोलायला रोखठोक. "सवा म्हयनो होवंदे, मगे येवा. बाळंतिणीक वारो लागात."

"तुमची मुलगी सकाळपासून उठली का?"

"निजलीत दोघांय. बाळ तर इतक्या शांत..." त्या बोलता बोलता थांबल्या. मी त्यांना बाजूला सारून चपलांसकट आत गेले.

खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं होतं, दाराखाली गोधडी. खाटेखाली शेगडीतले कोळसे लाल होते. मुलीने डोळे उघडले, पण नजर माझ्यापर्यंत पोचली नाही. बाळाचे गाल गुलाबी होते, इतके की कुणालाही दृष्ट काढावीशी वाटावी. मी त्याच्या तळव्याला चिमटा काढला. ते हललं नाही.

खिडकी मी उघडली, शेगडी त्यांनी उघड्या हातांनी ओढत गॅलरीत नेली. रिक्षात बाळ माझ्या मांडीवर होतं. हॉस्पिटलच्या फाटकाशी त्याने रडण्यासाठी तोंड वेडंवाकडं केलं. दोघं तिसऱ्या दिवशी घरी आली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर काही सांगता आलं नसतं. माझे आधीचे चार दिवस मी त्यांना सांगितले नाहीत. तुम्हाला सांगते आहे.

लेकीची आई त्या संध्याकाळी माझ्याकडे आली. हाताला पट्ट्या होत्या. माफी वगैरे काही नाही. शेगडी नको तर मग काय, एवढंच विचारलं. मी गरम पाण्याची पिशवी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी अकराला मी काचेशी उभी राहिले. चारशे वीस. साडेअकराला तेवढाच. एकलाही तेवढाच. खोली आता खरोखर रिकामी होती.

विद्यार्थिनीचा फोन आला. बाळ कसं आहे म्हणाली. बरं आहे म्हटलं. मग आकडा विचारला, मी सांगितला.

"काकू, मी येऊ का?"

ये म्हटलं, आणि जेवायलाच थांब.