सावळीरामांचा ठिपका

सावळीराम मूळचे इगतपुरीकडच्या डोंगरातले, पण नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली होती. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ मेणात बसवायची, तिचा केसाहून पातळ काप काढायचा आणि काचेवर रंगवायचा, हे त्यांचं काम. मायक्रोस्कोपखाली रंग नीट चढलाय का, एवढंच त्यांनी पाहायचं. निदान डॉक्टरांनी करायचं. पण बावीस वर्षं बघून बघून माणूस काय आंधळा राहतो? पेशी वेड्यावाकड्या दिसल्या की सावळीराम मनात चरकत. मग खिशातून वणीच्या देवीच्या कुंकवाची पुडी काढत आणि कापावर झाकणाची पातळ काच चिकटवताना ओल्या डिंकातच कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका देत. "आई, याच्याकडं बघ," एवढंच पुटपुटत. रंगाचा थेंब सांडला असेल, असंच सगळे समजत.

२००७ साली लॅबच्या डॉ. पल्लवींनी संगणक आणला. सहाशे जुन्या काचांचे फोटो आणि त्यांचे रिपोर्ट दाखवले की तो म्हणे आपोआप कॅन्सर ओळखायला शिकणार. शिकलाही! शंभरात पंच्याण्णव बरोबर. मॅडमनी पेढे वाटले. सावळीरामांनी पेढा खाल्ला, पण संगणक काही त्यांच्या मनात भरेना. बेट्यानं जन्मात एक काप काढला नव्हता, आणि ऐट बघा!

अशात त्यांच्या बायकोला, मंगलाबाईंना, छातीत गाठ निघाली. ती तपासायला इथंच आली. सावळीरामांनी काप काढला आणि तीनदा पाहिला. पेशी अगदी शिस्तीत उभ्या होत्या. साधी गाठ. तरीही हात खिशात गेलाच. या वेळी ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा पडला.

संगणकानं सांगितलं, कॅन्सर. अठ्ठ्याण्णव टक्के.

मॅडमचा चेहरा उतरला. "काका, मी स्वतः बघतेच. पण सर्जनना कळवून ठेवते," म्हणत त्यांनी फोन उचलला. आपली नजर फसली? नेमकी घरच्याच माणसाच्या वेळी? आणि मग सावळीरामांच्या डोक्यात ट्यूब पेटली. त्यांनी धावत जाऊन त्याच मेणातला दुसरा काप काढला, रंगवला आणि ठिपका न देता संगणकापुढे ठेवला. संगणक म्हणाला, साधी गाठ.

"मॅडम, सर्जनना थांबवा," सावळीराम म्हणाले, "चूक माझी हाय." आणि त्यांनी पुडी टेबलावर ठेवली.

मॅडमनी आधी दोन्ही काचा स्वतः नीट तपासल्या. खरंच साधी गाठ होती. मग त्यांनी जुन्या काचा एकेक करून उजेडात धरल्या. कॅन्सर निघालेल्या बहुतेक काचांवर ठिपका होता, साध्या गाठींच्या काचांवर क्वचितच. संगणक पेशीबिशी काही शिकलाच नव्हता, नुसतं कुंकू बघून बोलत होता.

"काढून टाका मला, मॅडम."

"तुम्हाला कसं काढू? पंच्याण्णव टक्के बरोबर तुम्हीच होतात!" मॅडम कपाळावर हात मारून हसत सुटल्या. "सहाशे काचा नव्यानं करायच्यात, काका. आणि पुडी आता देव्हाऱ्यात."

घरी हे ऐकून मंगलाबाई आधी मोकळेपणानं रडल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "साधी हाय हे दिसत व्हतं ना तुमाला? मंग ठिपका कशापायी?"

"लय भ्या वाटलं."

मंगलाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"लगीन झाल्यापासून पयल्यांदा कुंकू लावलं मला," त्या म्हणाल्या, "ते बी काचंवर!"