तिजोरीची दुसरी किल्ली

राग्ना बुंडगोर आमच्या गावच्या बचत बँकेत सव्वीस वर्षं कॅशियर होती, आणि बँक लुटण्याचे सिनेमे तिला भयंकर आवडायचे. गावातलं एकुलतं एक थिएटर माझं आणि माझ्या नवऱ्याचं. तो यंत्र चालवायचा, मी तिकीटखिडकीत बसायचे. बुधवारी राग्नाला दुपारनंतर सुट्टी असे. दरोड्याच्या सिनेमाचं पोस्टर लागलं की बाई दुपारच्या खेळाला हजर. अंगात बँकेतलाच निळा स्वेटर, पिशवीत काळ्या पावाचे दोन तुकडे आणि जागा ठरलेली, पाचव्या रांगेतली कडेची.

लोक तिला सोडायचे नाहीत. धक्क्यावरचा मासेवाला विलाड्स ओरडून विचारायचा, "काय राग्ना, अभ्यास झाला का? कधी फोडायची?"

"तुझ्या खात्यापासून सुरुवात करणार आहे," ती म्हणायची. "म्हणजे एका मिनिटात काम उरकेल."

सूटबूट घातलेले हसरे चोर तिला चालत नसत. शेवटी सगळे समुद्रकिनारी दारू पीत बसलेले दिसले की ती माझ्यावरच वैतागायची, जणू मीच तो सिनेमा काढला होता. तिला काळाकुट्ट माल लागे. घामेजलेले चेहरे, फुटलेल्या काचा, रक्त. एकदा मी न राहवून विचारलं, "तू साधी माशीसुद्धा मारत नाहीस. तुला यात काय सापडतं?"

तिनं पाव खाता खाता विचार केला. "सुरुवातीचा अर्धा तास बघ. पाच माणसं एका टेबलाभोवती बसतात. एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात. आमच्याकडं स्टेपलर मागितला तर त्याच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून देतात."

"आणि पुढं तेच पाच जण एकमेकांना गोळ्या घालतात."

"घालतात ना. पण निदान आवाज होतो, डागनी. आपल्याकडं माणूस माणसाला फसवतो तेव्हा आवाजसुद्धा होत नाही."

तेव्हा मी हसले होते.

बँकेत तिच्या शेजारच्या खिडकीत आस्ता क्विस्ट बसायची. ती राग्नापेक्षा चार वर्षांनी मोठी, हुद्द्यानंही वरची. अठरा वर्षं दोघी शेजारी बसल्या. एकीची मुलं दुसरीच्या घरी वाढली, उन्हाळ्यात वाळूच्या टेकड्यांमागं दोन्ही कुटुंबांनी मिळून एक लाकडी खोपटं भाड्यानं घेतलं. आस्ताचा नवरा गेला तेव्हा राग्ना तीन आठवडे तिच्याकडं झोपायला होती. सिनेमाला मात्र आस्ता कधी आली नाही. "दिवसभर काचेमागं बसायचं आणि संध्याकाळी पैसे देऊन पुन्हा तेच बघायचं? तूच जा बाई."

एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, बँकेवर खराखुरा दरोडा पडला.

दोन माणसं आली. लोकरी टोप्या हनुवटीपर्यंत ओढलेल्या, डोळ्यांपुरती भोकं. एकाच्या हातात नळी कापलेली शिकारीची बंदूक. आत त्या दोघीच होत्या. मॅनेजर होल्गर दाताच्या डॉक्टरकडं गेला होता. खिडक्यांमधले पैसे त्यांनी पिशवीत भरले आणि मग त्यांना तिजोरी हवी झाली. तिजोरीला दोन किल्ल्या लागत. एक आस्ताकडं असे, दुसरी मॅनेजरकडं. आस्तानं आपली काढून दिली. बंदूकवाल्यानं विचारलं, "दुसरी?"

"मॅनेजरकडं आहे. तो बाहेर गेलाय."

"खोटं बोलतेस."

"देवाशपथ नाही."

त्यानं नळी तिच्या पायाकडं वळवली आणि पुन्हा विचारलं. आस्तानं पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं बार काढला. छर्रे फरशीवर आपटून उडाले आणि बरेचसे आस्ताच्या डाव्या गुडघ्यात घुसले. त्या आवाजानं दोघंही घाबरले आणि हाती आलं तेवढं घेऊन पळाले. चौथ्या दिवशी आल्बोर्ग शहरात सापडलेसुद्धा.

आस्ताचं तीनदा ऑपरेशन झालं. गुडघा वाकायचा बंद झाला तो झालाच. ती कामावर परतली, ती काठी घेऊन. आणि राग्नानं तिच्यासाठी काय केलं नाही! तिच्या घरची खरेदी, तिच्या खिडक्या पुसणं, तिला गाडीतून डॉक्टरकडं नेणं. गाव म्हणायचं, मैत्रीण असावी तर अशी. राग्ना बुधवारची माझ्याकडं यायची थांबली. मला वाटलं, साहजिक आहे. दोन वर्षांनी पुन्हा यायला लागली, तेव्हाही मला तेच वाटलं. फक्त आता ती पाव आणत नसे.

खरं काय होतं ते मला बारा वर्षांनी कळलं, आणि तेही गावाबरोबर.

दोन हजार सालच्या वसंतात त्रोल्स नावाचा एक दिग्दर्शक राजधानीतून, कोपनहेगनहून आला. तिशीतला, बारीक, बोलायला लोण्यासारखा मऊ. त्याला आमच्या दरोड्यावर सिनेमा काढायचा होता. तो आधी माझ्याच खिडकीशी आला. त्याला राग्नाकडं मी नेलं. ओळख करून देताना मी अगदी मिरवत म्हणाले, "अरे, अशा सिनेमांतलं हिच्याइतकं कळणारं माणूस तुला आमच्या अख्ख्या जटलँडात मिळणार नाही."

राग्ना फुलली. साठीची बाई, नुकतीच निवृत्त झालेली, नवरा आयविंड बोलायला कंजूस. आणि हा पोरगा तासन्‌तास तिचं ऐकत बसायचा. पहिल्या दिवशी तो तिला अहो-जाहो करायला लागला तशी ती म्हणाली, "तू म्हण रे. मी काही राणी नाही." आठवड्यातून दोनदा तो तिच्या स्वयंपाकघरात असायचा. टेप मधोमध ठेवलेला, वेलदोड्याचा पाव कापलेला. त्यानं तिला पटकथा वाचायला दिली, तिनं चुका काढल्या. नटीसाठी जुना निळा स्वेटर मागितला, तर तिनं धुऊन, इस्त्री करून दिला.

एकदा खिडकीशी येऊन ती मला म्हणाली, "मला पहिल्यांदा वाटतंय बघ, की मीसुद्धा त्या टेबलाभोवती बसलेय."

त्यानं आस्ताशीही बोलणं केलं होतं. ती त्याला म्हणाली होती, "माझ्याकडं सांगण्यासारखं फार नाही. विचारलं, उत्तर दिलं, गोळी बसली."

सिनेमा पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तयार झाला. कोपनहेगनच्या आधी तो आमच्या गावाला दाखवायचा असं त्रोल्सनंच ठरवलं. शनिवारी दुपारी दोनचा खेळ. दोनशे खुर्च्या भरल्या. माझ्या नवऱ्यानं टाय लावला होता. राग्ना आपल्या पाचव्या रांगेत, शेजारी आयविंड. आस्ता तिसऱ्या रांगेत कडेला, न वाकणारा पाय बाहेर काढून. मी मागं दाराशी उभी होते.

सिनेमा चांगला होता. ते कबूल करायला मला आजही जड जातं. थंडी, गावातली ती रिकामी सकाळ, सगळं असं घेतलेलं की कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग तिजोरीचा प्रसंग आला. बंदूकवाला मोठ्या बाईला विचारतो, दुसरी किल्ली कुठाय. ती म्हणते मॅनेजरकडं. आणि कॅमेरा हळूहळू वळतो तो दुसऱ्या बाईकडं, निळ्या स्वेटरमधल्या. मग तिच्या खुर्चीखालच्या पर्सकडं. पर्सच्या आत किल्ली. तो पुन्हा विचारतो. निळ्या स्वेटरमधली बाई गप्प. पडद्यावर तिचा चेहरा मोठा होत जातो, आणि बार निघायच्या क्षणी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू येतं.

थिएटरात कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. आस्ताची मान मागं वळली नाही. तिनं काठी फक्त एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

झालं होतं ते असं. त्या गुरुवारी डॉक्टरकडं जाताना होल्गर आपली किल्ली राग्नाच्या हातावर ठेवून गेला होता. नियमानं ते चालत नसे, म्हणून आस्ताला सांगितलं नाही. राग्नानं ती पर्समध्ये टाकली. दरोडेखोरानं विचारलं तेव्हा ती खरोखरच गप्प राहिली. नंतर पोलीस यायच्या आत होल्गर धावत आला, किल्ली परत घेतली आणि म्हणाला, "हे आपल्यातच राहू दे. तुझी नोकरी जाईल, माझीही." तिजोरी वाचली म्हणून बँकेनं दोघींना फुलं पाठवली. होल्गर मेल्यावर हे जगात एकट्या राग्नाला ठाऊक होतं. मग दुसरं माणूस झालं ते त्रोल्स. एके दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं टेप बंद केला आणि म्हणाला, "आता सिनेमासाठी नाही. मला फक्त सांग, तेव्हा तुझ्या मनात काय होतं." आणि अकरा वर्षं तोंडात धरलेलं तिनं त्याच्यापुढं ओतलं.

खेळ संपल्यावर बाहेरच्या दालनात कॉफी ठेवली होती. लोक कप हातात घेऊन बशीकडं बघत उभे होते. राग्ना सरळ त्रोल्सपाशी गेली. मी तिच्या मागं गेले.

"टेप बंद होता," ती म्हणाली.

"राग्ना, हे बघ, नाव बदललंय. ती तू नाहीस."

"स्वेटर माझा आहे."

"कथेला ते वळण लागतंच. तुला तर हे कळायला हवं, इतकी वर्षं बघतेयस. कुणीतरी आतलं फितूर नसेल तर बघणाऱ्याला धक्का कुठून बसणार?"

"मी हसले नव्हते."

त्यानं हातातला कप टेबलावर ठेवला.

"मी तुला सांगितलं होतं की नाही? मी हसले नव्हते. मला कळतच नव्हतं की हे खरं चाललंय. पडद्यावर बघते तशी मी बघत होते, आता पुढं काय होतं म्हणून. माझं तोंड उघडलं नाही, बस्स. हे तुला सांगताना मी रडले. तू माझा हात धरला होतास. आणि तू काय केलंस, तर तिथं हसू चिकटवलंस."

"नुसतं गोठून जाणं पडद्यावर दिसत नाही," तो खाली बघत म्हणाला. बहुधा त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. पण ते वाक्य त्याच्याकडं आधीपासून तयार होतं, हेही दिसत होतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. लोकांनी वाट दिली. आस्ता समोर येऊन थांबली. त्रोल्सकडं तिनं पाहिलंही नाही.

"राग्ना, किल्ली होती?"

"होती."

"पर्समध्ये?"

"पर्समध्ये. आस्ता, ते हसू त्यानं…"

"हसू खोटं आहे. अठरा वर्षं शेजारी बसलेय, तुझं तोंड मला माहीत नाही का?" आस्ताचा आवाज अजिबात चढला नाही. "त्या क्षणी माणसाचं काय होतं ते मला तुझ्याहून जास्त कळतं. तू गोठलीस. मी ते गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सांगितलं असतंस तरी गिळलं असतं, पाच वर्षांनी माझ्या खिडक्या पुसताना सांगितलं असतंस तरी. पण तू सांगितलंस कुणाला? याला. मला ते तिकीट काढून बघायला लागलं."

तिकीट तिला मी फुकट दिलं होतं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

राग्ना म्हणाली, "तुला सांगायची हिंमत झाली नाही गं."

"आणि त्याला सांगायला हिंमत लागली नाही. तेच म्हणतेय मी," असं म्हणून आस्ता निघाली. बाहेर पाऊस होता, आणि तिची मुलगी गाडी आणेपर्यंत ती छपराखाली पाठमोरी उभी राहिली. राग्ना काचेच्या दाराआड उभी होती. दार तिनं उघडलं नाही.

सिनेमा गाजला. बक्षिसं मिळाली. वर्तमानपत्रातल्या माणसानं लिहिलं की बार निघतानाचं ते हसू बघणाऱ्याची झोप उडवतं. गावात मुलं निळा स्वेटर दिसला की एकमेकांना कोपरानं ढोसायची. विलाड्सनं मात्र राग्नाची चेष्टा करायचं सोडून दिलं, आणि मला वाटतं, तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. मासे बांधून द्यायचा, खाली बघून.

त्रोल्सनं एक लांबलचक पत्र पाठवलं. राग्नानं ते मला वाचायला दिलं. त्यात क्षमा हा शब्द चारदा होता आणि कला हा शब्द सहादा.

मीही एक दिवस तिच्याकडं गेले. म्हटलं, "त्याला तुझ्या दारात मीच आणलं. पटकथा मीही चाळली होती, पण त्यात हे नव्हतं."

"मला दिली होती त्यातही नव्हतं," ती म्हणाली. "तू दार दाखवलंस, डागनी. कॉफी मी पाजली."

आयविंडनं त्या सगळ्या काळात एकच गोष्ट केली. रोज संध्याकाळी साडेपाचला तो तिला फिरायला न्यायचा, धक्क्यापासून दीपगृहापर्यंत, भर रस्त्यानं, हात धरून. चाळीस वर्षांत गावानं त्यांना कधी हात धरून चालताना पाहिलं नव्हतं.

अशा सिनेमांची पोस्टरं मी पुढंही लावली. धंदा आहे. ती बघायला लोक येतात आणि का येतात, हे मला आता थोडं कळतं. खुर्चीत बसल्या बसल्या आपण दरोडेखोरही असतो आणि ओलीसही, आणि कुणालाच काही विचारलं जात नाही. राग्नासमोर मात्र एकदा खराखुरा प्रश्न विचारला गेला होता.

तीन वर्षांपूर्वी आस्ताचा गुडघा बदलला. राग्नानं दवाखान्यात ट्यूलिप पाठवले, आणि सोबत पत्र. ते लिहायला तिला दोन महिने लागले होते. आठवड्यानं आस्ताची मुलगी येऊन ते पत्र परत देऊन गेली, न फोडलेलं.

"आणि फुलं?" मी विचारलं.

"फुलं तिनं ठेवून घेतली," राग्ना म्हणाली. "खिडकीत ठेवलीत म्हणे. मुलगी म्हणाली, आई पाणी रोज बदलते."

आणि ती पाव कापायला लागली.